गोगलगायी काचेवर चढेनात

मासा आजारी पडला की समजतं. तो खाणं सोडतो, कोपरा धरतो, धापा टाकतो, अंगावर डाग उठतात. प्रवाळाजवळ सांगायची साधनं फार थोडी. ते मिटतं, फिकट पडतं, चिकट स्राव सोडतं, किंवा सांगाड्यावरून त्याचं मांस मागे सरकू लागतं. खुणा एवढ्याच आणि त्यांच्यामागची कारणं ढीगभर. पाण्यातला खारटपणा वाढला तरी ते मिटतं, घटला तरी मिटतं. उजेड जास्त झाला, पंपाचा प्रवाह थेट अंगावर आला, शेजारच्या प्रवाळाने रात्री डंख मारला, कुणी क्रीम लावलेला हात पाण्यात घातला, तरी मिटतं.

न्यू जर्सीत लोकांच्या घरी जाऊन खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. टँक बसवणं, पाणी बदलणं, पंप उघडून धुणं ही कामं कुणालाही शिकवता येतात. मिटलेल्या प्रवाळासमोर, म्हणजे कोरलसमोर, स्टूल घेऊन बसायचं आणि हात पाण्याबाहेर ठेवायचे, हे शिकवायला मात्र वेळ लागतो. मला फोन येईपर्यंत बहुतेक घरांत दोन-तीन बाटल्या ओतून झालेल्या असतात, लाइट कमी केलेला असतो, कोरल उचलून दुसऱ्या खडकावर ठेवलेलं असतं. मग मूळ दुखणं कुठलं आणि उपचारांनी आलेलं कुठलं, हे वेगळं काढणं फार कठीण होऊन बसतं.

मी आधी रंग बघते. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडात साखर तयार करतं आणि प्राण्याचं बहुतेक पोट त्यावरच भरतं. पाणी तापलं आणि वरून कडक उजेड असला की शैवालाचं हे काम बिघडतं, त्यातून पेशींना घातक अशी ऑक्सिजनची संयुगं तयार होतात आणि प्रवाळ आपल्या शैवालाला बाहेर टाकतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम गेली होती. तिथल्या कामावरून याँग आणि निकोल्स यांनी, तापलेल्या पाण्यात प्रवाळ शैवाल बाहेर टाकतं, हे १९३१ मध्येच लिहून ठेवलं आहे. शैवाल गेलं की उरतं ते पारदर्शक मांस, आणि त्यातून आतला सांगाडा पांढराशुभ्र दिसतो. असं प्रवाळ उपाशी असतं, पण जिवंत असतं. भिंगातून बघितलं तर त्याचा पृष्ठभाग चमकतो, पॉलिपची तोंडं दिसतात. मांस गळून गेलेला सांगाडा निस्तेज आणि खरखरीत असतो, आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवी लव धरते. या दोन पांढऱ्यांत गल्लत झाली की माणूस जिवंत प्राणी फेकून देतो. कचऱ्यात जायच्या बेतात असलेले असे तुकडे मी मागून घेतले आहेत आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांना पुन्हा रंग चढलेला पाहिला आहे.

रंगानंतर जागा. दुखणं अंगावर नेमकं कुठे आहे, यातून निम्मं निदान होतं असं मला वाटतं. एका डॉक्टर दांपत्याकडे मॉन्टिपोरा नावाचं, ताटलीसारखं पसरणारं कोरल फिकट पडलं होतं. त्यांना गरम पाण्याची शंका होती. मी खाली वाकून ताटलीची सावलीतली बाजू बघितली, तर ती गडद तपकिरी, तजेलदार होती. पाणी वर तापतं तसंच खालीही तापतं. वरची बाजू तेवढी पांढरी पडली असेल तर उजेडच कारणीभूत, आणि तसंच निघालं. नवा एलईडी लाइट बसवून पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर लावला होता.

अ‍ॅक्रोपोरा नावाच्या कोरलच्या फांद्यांची टोकं जळल्यासारखी दिसत असतील तर मी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्याला लागणाऱ्या कार्बोनेटचा साठा, बघते आणि जोडीने नायट्रेट-फॉस्फेट बघते. एक वर गेलेली आणि दुसरी दोन्ही शून्याला टेकलेली, ही जोडी टोकं जाळते. मांस बुंध्याकडून वर सरकत असेल तर गेल्या काही दिवसांत अल्कलिनिटी खाली-वर झाली का, हे विचारते. एकाच बाजूला जखम असेल तर शेजारी कोण आहे हे दिवसा बघून उपयोग नाही. गॅलेक्सिया नावाचं कोरल दिवसा अगदी गरीब दिसतं आणि अंधार पडल्यावर वीतभर लांब डंखाच्या दोऱ्या प्रवाहात सोडतं. त्यासाठी लाइट बंद झाल्यावर तासाभराने जायचं आणि लाल काच लावलेल्या विजेरीने बघायचं. लाल उजेडात हे प्राणी बिचकत नाहीत. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे मात्र लाल उजेडातही सापडत नाहीत, इतका त्यांचा रंग कोरलच्या रंगात मिसळलेला असतो. दिसतात ते त्यांच्या खाण्याचे गोल फिकट ठिपके आणि बुंध्याशी घातलेली तपकिरी अंडी.

हे सगळं बघूनही काही वेळा उत्तर मिळत नाही. एडिसनमधल्या काकूंच्या टँकचं असंच झालं.

टँक त्यांच्या मुलाने हौसेने घेतलेला. ९० गॅलनचा, म्हणजे साधारण ३४० लिटरचा. मुलगा कामावर गेला की दिवसभर टँककडे बघणाऱ्या काकूच. मूळच्या सातारच्या, शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय. रोजचं तापमान, खाणं किती घातलं, कोण कधी उघडलं, सगळं वहीत. डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. "अगं, सोनेरी टॉर्च मूठ आवळून बसलाय. काल वाटलं उघडेल, पण आज जास्तच मिटलाय. तू येऊन जातेस का?"

टॉर्च कोरल म्हणजे दगडी देठ, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला प्रवाहात डोलणारी लांब मांसल बोटं. काकूंच्या टॉर्चला अशी सहा तोंडं होती. मी गेले तेव्हा बोटं जेमतेम पेरभर बाहेर होती. दोन तोंडांच्या कडेला मांस आणि सांगाडा यांच्यामध्ये पांढरी रेघ दिसू लागली होती. तपकिरी जेलीसारखा पदार्थ कुठे नव्हता, आणि टॉर्चच्या बाबतीत ही मोठी दिलाशाची गोष्ट. ती जेली आली की एकेक तोंड दिवसात जातं. बाकी टँक ठीक. लेदर नावाचं मऊ कोरल उघडलेलं, क्लाउनफिशची जोडी आणि पिवळा टँग मजेत, मॉन्टिपोराचा रंग छान.

मुलाचं म्हणणं होतं की टॉर्च बाहेर काढून आयोडीनच्या पाण्यात बुडवावा. मी म्हटलं, आधी पाणी बघू. तापमान साडेपंचवीस. खारटपणा ३५. तो मी माझ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघितला, आणि त्याआधी तो ३५च्या प्रमाण द्रावणावर लावून घेतला, कारण साध्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र समुद्राच्या खारटपणाला चूक दाखवू शकतं. नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, दोन्ही चांगले. अल्कलिनिटी मात्र १०.१ डीकेएच. काकूंच्या वहीत गेले कित्येक महिने ती साडेआठच्या आसपास होती.

वाढली कशी? पहिला संशय डोसिंग पंपावर. त्याची नळी मोजपात्रात सोडून एक पूर्ण डोस मोजला, बरोबर निघाला. टेस्ट किट जुना झाला असेल म्हणून माझ्या नव्या किटने पुन्हा मोजलं, आकडा तोच. म्हणजे पाण्यात जास्तीचं काही पडत नव्हतं. रोज पडतं तेवढंच पडत होतं, पण ते वापरलं जात नव्हतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. दगडी प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगाड्यात गेलेलं असतं. हे प्रमाण ठरलेलं. टँकमध्ये रोज जेवढं खर्ची पडतं तेवढंच आपण डोसिंगने परत घालतो. आवक तीच असताना साठा वाढू लागला तर एकच अर्थ होतो, की घेणाऱ्यांनी घेणं थांबवलं आहे. आणि एकटा टॉर्च थांबला म्हणून आकडा दीडने वर जाणार नाही, टँकमधले सगळे दगडी प्रवाळ थांबले असले पाहिजेत. मी पुन्हा मॉन्टिपोराकडे गेले. रंग छानच होता, पण वाढत्या ताटलीला कडेने जी नखाएवढी पांढरी किनार असते, ती नव्हती. कडेपर्यंत सगळी सारखी हिरवी. त्या ताटलीची वाढ थांबलेली होती आणि रंगाकडे बघून ते कुणाला कळलं नसतं.

टॉर्चला आयोडीनमध्ये बुडवायचा विषय तिथेच संपला. दुखणं त्याचं एकट्याचं नव्हतं. तो फक्त लवकर बोलला होता.

आमच्याकडे थंडीत घरं बंद असतात, भट्टी चालू, गॅसवर स्वयंपाक. घरातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो टँकच्या पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. पीएच कमी असला की सांगाडा बांधणं प्रवाळाला जड जातं. काकूंचा टँक ७.८ दाखवत होता. म्हणून एक दुपारभर टँकजवळची खिडकी उघडी ठेवायला सांगितली. पीएच ८.१ पर्यंत गेला आणि पुढेही खिडकी थोडी उघडी ठेवून तिथेच टिकवला, तरी अल्कलिनिटीचा आकडा खाली येईना. हे कारण नव्हतं, निदान मुख्य तरी नव्हतं. ज्या टँकना पीएचचाच त्रास असतो तिथे मी चुन्याची निवळी थेंबथेंब सोडते आणि फरक पडतो. इथे तो उपाय राखून ठेवला.

अशा वेळी "काही बदललंय का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर नेहमी "नाही" असतं, आणि देणारा खरंच बोलत असतो. खोलीत नवा एअर फ्रेशनर लागला हे कुणाला टँकमधला बदल वाटत नाही, पण पाणी स्वच्छ करणारा स्किमर त्याच खोलीची हवा ओढून पाण्यात मिसळतो. म्हणून मी दिनक्रम विचारते. काकूंना म्हटलं, "सकाळी टँकपाशी आल्यापासून काय काय करता, ते क्रमाने सांगा. लहानसहान काही सोडू नका."

त्या सांगू लागल्या. आधी माशांची मोजणी. मग तापमान. मग काच घासणं. "हल्ली काच रोज घासावी लागते बघ. पूर्वी सकाळी आलं की काचेवर गोगलगायींच्या वाटा दिसायच्या. हिरवटपणावर नागमोडी स्वच्छ पट्टे. आता सगळी काच सारखी हिरवी."

मी वाळूकडे बघितलं. टर्बो गोगलगायी खाली पडून होत्या. एक उताणी होती. तिला उचलून सरळ काचेला लावली, तर पाय पसरून चिकटण्याऐवजी ती सुटून खाली गेली. एरवी निरोगी टर्बो काचेवरून ओढून काढायला जोर लागतो.

आता चित्र जुळू लागलं. मासे ठणठणीत, म्हणजे प्राणवायू कमी नाही, अमोनिया नाही. दगडी प्रवाळ आणि गोगलगायी मात्र एकाच वेळी मलूल. या दोघांना बाधतं आणि माशांना बाधत नाही असं पाण्यात काय असतं? खारटपणा तपासून झाला होता. उरले धातू. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषध वापरतात. मासे ते सोसतात, पण तेच पाणी गोगलगायींना आणि प्रवाळांना मारतं. घरात येणारं पाणी काकूंच्या आरओ-डीआय फिल्टरमधून शून्य टीडीएसवर, म्हणजे विरघळलेलं काही न उरता, निघत होतं, तेव्हा नळाच्या पायपांचा प्रश्न नव्हता. धातू टँकच्या आतच कुठेतरी होता.

मग सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या उपकरणांच्या टाकीत, कोपरापर्यंत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. हीटरची काच अखंड. परतीच्या पंपाचा चुंबक काढून पुसला, त्याचं आवरण शाबूत. नळ्यांच्या क्लिपा प्लास्टिकच्या. प्रवाहाचे दोन्ही पंप उघडले, तेही ठीक. शेवटी टँकच्या कोपऱ्यात कायम चिकटवून ठेवलेला काच घासायचा चुंबक राहिला. त्याचा आतला तुकडा सुटा करून पांढऱ्या टिश्यूवर ठेवला. घासायच्या बाजूचं कापड हिरवं झालं होतं, ते साहजिक. उलटा केला तेव्हा प्लास्टिकच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली. अंगठ्याने दाबल्यावर चिरेतून तपकिरी पाण्याचा एक थेंब आला आणि टिश्यूवर पसरला. मध्ये गंजाचा रंग, कडेला हिरवट छटा. असे चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे असतात, वर बहुधा निकेलचा मुलामा आणि त्याच्या खाली तांब्याचा थर. खाऱ्या पाण्याला शिरायला वाट मिळाली की ते हे सगळं हळूहळू विरघळवतं. गोगलगायी खाईनाशा झाल्या म्हणून काच जास्त हिरवी होत होती, काच हिरवी म्हणून काकू चुंबक जास्त फिरवत होत्या, आणि दर फेरीला चिरेतून थोडं आणखी पाण्यात मिसळत होतं.

काकूंना वाईट वाटलं. "रोज मीच फिरवत होते गं तो." मी म्हटलं, "काकू, तुम्ही काच बघत होतात म्हणून सापडलं."

मी मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं प्रवाळ लहानपणापासून पाण्यात तोंड बुडवून बघितलेलं. ते काही चित्रातल्यासारखं निळ्या पाण्यात राहत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी, नदीचा गाळ, गोड्या पाण्याचा लोट, सगळं त्याच्या अंगावरून जातं, आणि दिवाळीनंतर पाणी निवळलं की गोल दगडांसारख्या त्या वसाहती जागच्या जागी असतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. २००१ पासून आपल्याकडे सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. तिथे ती घरात ठेवायची गोष्ट नाही, आणि ते योग्यच आहे. इथल्या टँकमधली बहुतेक कोरलं दुसऱ्या कुणाच्या टँकमध्ये वाढलेल्या कोरलचे तुकडे असतात. पण मालवणचं पाणी बघितलेलं असल्यामुळे हे प्राणी नाजूक आहेत असं मी कधी म्हणत नाही. समुद्रात जे काही येतं ते भरती-ओहोटीबरोबर निघूनही जातं. ३४० लिटर पाण्यात पडलेलं काही कुठे जात नाही. ते रोज तिथेच, आणि प्राणीही तिथेच. त्याला बंद काचेत आणून ठेवणाऱ्याने निदान त्यात काय पडतंय हे बघायला हवं.

पाण्याचा नमुना त्याच दिवशी धातू मोजणाऱ्या आयसीपी तपासणीसाठी प्रयोगशाळेला पाठवला, पण निकालाची वाट बघत बसलो नाही. चुंबक गेला. सम्पमध्ये ताजा कोळसा आणि धातू शोषून घेणारा पॅड बसवला. पाणी एकदम बदललं नाही. थोडं थोडं, खारटपणा आणि तापमान जुळवून, काही दिवसांच्या अंतराने बदललं. पाण्यात जे नको होतं ते काढायचं, एवढीच दिशा. लाइट होता तसा ठेवला, टॉर्च होता तिथेच ठेवला. अल्कलिनिटीचा डोस मात्र कमी केला, बंद केला नाही. वर गेलेला आकडा झटक्याने खाली आणणं हे आणखी एक दुखणं झालं असतं. मुलाने एकदा विचारलं की सोबत अमिनो अ‍ॅसिड आणि जीवनसत्त्वं घालावीत का. नको म्हटलं. उद्या टॉर्च उघडला तर कशाने उघडला हे आपल्याला कळायला हवं, आणि आणखी मिटला तरी कळायला हवं.

आयसीपीचा निकाल आला तेव्हा तांबं आणि निकेल दोन्ही वर होते. तोपर्यंत गोगलगायींनी आधीच उत्तर दिलं होतं. एका सकाळी काकूंनी काचेचा फोटो पाठवला: खालच्या कोपऱ्यातून वर गेलेला एकच नागमोडी पट्टा.

टॉर्चला त्यानंतरही बराच वेळ लागला. एक तोंड गेलंच. ते मी देठापासून कापून बाहेर काढलं, म्हणजे सडून शेजारच्या तोंडांना बाधू नये. उरलेली पाच आधी सकाळच्या मंद उजेडात थोडी बाहेर यायची आणि लाइट चढला की आत जायची. पूर्ण डोलायला लागली तोवर वसंत आला होता.

पण सुधारणा सुरू झाली ती त्याच्या कितीतरी आधी, टॉर्च घट्ट मिटलेला असतानाच. काकूंच्या वहीत आकडा साडेआठवर येऊन स्थिरावला होता. मग एका आठवड्यात तो ८.३ झाला, ८.१ झाला, आणि कमी केलेला डोस पुरेना. मी फोनवर डोस पुन्हा थोडा वाढवायला सांगितला.

"अगं, पण टॉर्च तर अजून तसाच आहे. तरी वाढवायचा?"

"हो काकू, वाढवा. बाकीच्यांना लागायला लागलाय. आणि उद्या सकाळी मोजलंत की मला आकडा कळवा."